आधी पोट, मग छाती

खोकल्याच्या माणसासाठी काय शिजवायचं असं विचारलं, की आमचे सीफू आधी त्याच्या पोटाची चौकशी करायचे. जेवण जातंय का, जेवल्यावर पोट फुगतं का, शौचाला पातळ होतं की खडा, सकाळी तोंडाला चव असते का. खोकला कोरडा की ओला, कफ पांढरा की पिवळा, हे त्यानंतर. सिंगापूरमधल्या एका वृद्धनिवासाच्या स्वयंपाकघरात मी आहारतज्ज्ञ म्हणून रुजू झाले, तेव्हा हा क्रम मला नवा होता. पुढे कित्येक वर्षं त्यांच्या शेजारी उभी राहून काम केलं. आज छातीच्या तक्रारीवर काय खावं असं मला कुणी विचारलं, तर मीही तोच क्रम धरते.

सीफू म्हणजे तिथले मुख्य आचारी. हातात कसब असलेल्या माणसाला कँटोनीज लोक याच नावानं हाक मारतात. त्यांचे आईवडील दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतातून आलेले. सूप हा तिकडच्या घराचा कणाच. भांडं सकाळी चुलीवर चढतं आणि मंद आचेवर तासन् तास चालू राहतं. आई ऋतू पाहून, मुलांचे चेहरे पाहून त्यात काय पडायचं ते ठरवते. सीफू हे सगळं आईकडून शिकले होते. पुस्तकांची नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. ती मी नंतर शोधून वाचली, तेव्हा त्यांच्या आईचं शहाणपण किती जुनं आहे ते कळलं.

चिनी वैद्यकात लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी अशी पाच तत्त्वं मानतात. फुप्फुस धातूचं, पोट आणि प्लीहा मातीची. माती धातूला जन्म देते, म्हणजे पोट ही फुप्फुसाची आई. इथली प्लीहा शस्त्रक्रियेच्या टेबलावर दिसणारा अवयव नव्हे. अन्न पचवून त्यातलं सत्त्व वर छातीकडे पाठवणाऱ्या सगळ्या व्यवस्थेला त्यांनी हे नाव दिलंय. ही व्यवस्था मंदावली की शरीरात ओल साचते, ओलीचा कफ होतो. कफ तयार होतो खाली आणि साठतो वर, फुप्फुसात. म्हणून वरचं भांडं नुसतं पुसत बसण्यात अर्थ नाही, खालची गळती थांबवायला हवी. लेकराला बळ द्यायचं तर आईला जेवू घाला, असा हा उपचार.

ली दोंगयुआन नावाच्या वैद्यानं 1249 साली पोट आणि प्लीहा यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याआधी 1232 मध्ये मंगोल फौजांनी कायफेंग शहराला वेढा घातला होता. उपासमार, भीती आणि दमणूक यांनी खचलेली माणसं तापानं मरताना त्यानं पाहिली. या लोकांचा आजार बाहेरून आलेला नाही, त्यांचं पोटच आधी मोडलंय, असा निष्कर्ष त्यानं काढला. वेढ्यातल्या भुकेल्या शहरातून निघालेला विचार आमच्या निवासातल्या म्हाताऱ्यांना लागू पडावा, याचं मला कधीच आश्चर्य वाटलं नाही. ऐंशीच्या पुढच्या माणसाला खोकला झाला की दोन दिवसांत त्याचं जेवण तुटतं. जेवण तुटलं की अंगातली ताकद जाते, आणि ताकद गेली की कफ खोकून बाहेर काढायलाही जोर उरत नाही. यात चिनी सिद्धांत न मानणाऱ्यालाही नाकारण्यासारखं काही नाही.

आमचा दिवस कांजीनं सुरू व्हायचा. सिंगापुरात तिला पॉरिज म्हणतात. सीफू तांदूळ धुऊन त्याला थोडं तेल आणि मीठ चोळून अर्धा तास ठेवायचे, मग उकळत्या पाण्यात सोडायचे. एक वाटी तांदळाला दहा-बारा वाट्या पाणी. सुरुवातीला ढवळायचं, मग आच बारीक करून दीड-दोन तास सोडून द्यायचं. दाणा फुटून पाण्यात इतका विरघळतो की दाणा कुठे आणि पाणी कुठे हे सांगता येत नाही. वर जी दाटसर साय धरते तिला ते तांदळाचं तेल म्हणतात. आजारातून उठणाऱ्यासाठी ती काढून ठेवायची पद्धत आहे. मला आमच्या कोकणातली पेज आठवायची, पण पेजेत दाणा शाबूत असतो. निवासातल्या त्योच्यू या दुसऱ्या चिनी समाजातल्या आजी-आजोबांनाही तशीच कांजी हवी असायची, दाणे सुटे, पाणी वेगळं, सोबत खारवलेली मोहरीची पानं. कँटोनीज गुळगुळीत कांजी त्यांना लहान मुलांचं खाणं वाटे. म्हणून रोज दोन भांडी चढायची. हे काम वाढवणं आहे असं व्यवस्थापनाकडून एकदा सुचवण्यात आलं, तेव्हा सीफू एवढंच म्हणाले, "जे त्यांना आवडत नाही ते त्यांचं पोट घेणार नाही. मग शिजवायचं कशाला?"

सकाळी सात ते नऊ ही पोटाची वेळ, असं चिनी घड्याळ सांगतं, म्हणून न्याहारी गरम आणि तीही वेळेवर. फुप्फुसाची वेळ पहाटे तीन ते पाच. रात्रपाळीच्या नर्सना यातलं काहीच ठाऊक नसलं तरी पहाटे चारच्या सुमाराला खोकल्याचे आवाज वाढतात हे त्या रोज अनुभवायच्या. दमा पहाटे बळावतो, हे आधुनिक वैद्यकही मानतं. कारणं दोघांची वेगळी आहेत. मी त्यांची सांगड घालत नाही. पण पहाटे खोकून दमलेल्या माणसाच्या हातात सातच्या ठोक्याला वाफाळता वाडगा पडावा, यात दोन्हीकडचं हित होतं.

सामान आणायला सीफू मला चायनाटाऊनमधल्या एका जुन्या दुकानात घेऊन जायचे. अशा दुकानांना तिथे मेडिकल हॉल म्हणतात. भिंतभर लाकडी खण, काऊंटरवर तोलायचा बारीक काटा, आणि छ्येनमध्ये वजन. एक छ्येन म्हणजे पावणेचार ग्रॅमच्या आसपास. पहिल्या फेरीत मी दडपून गेले होते, पण खण उघडू लागले तशी ओळखीची माणसं भेटू लागली. ज्येष्ठमध होतं. कमळबी होती. लालसर सालीचे, वाटाण्याएवढे पांढरे दाणे दाखवून सीफू म्हणाले, हे पातळ शौचाला धरून ठेवतात. नाव नीट विचारून घेतलं तेव्हा कळलं की तो मखाणा आहे. आपण त्याची लाही खातो, ते न फोडता सूपमध्ये शिजवतात. तैवानमध्ये हाच मखाणा, कमळबी, फूलिंग नावाची बुरशी आणि कोनफळाच्या जातीतला एक कंद असं चौघांचं सूप रस्त्यावरच्या गाड्यांवर मिळतं, पोटासाठी म्हणून.

तो कंद म्हणजे हुआयशान. सीफूंचा त्याच्यावर सगळ्यात जास्त विश्वास होता. हेनान प्रांतातल्या ज्याओत्सुओ भागातला उत्तम मानतात. ताजा असला तर हातभर लांब काठीसारखा, वाळवलेला असला तर खडूसारख्या पांढऱ्या चकत्या. चिनी वर्गवारीत तो ना उष्ण ना थंड. पोट, फुप्फुस आणि मूत्रपिंड या तिघांनाही चालतो. पचायला हलका, चवीला गोडसर, सोलल्यावर चिकट. छातीसाठी म्हणून जे जे पदार्थ आम्ही केले त्यातल्या बहुतेकांचा पाया हाच होता. पेअर आणि वाळवलेल्या पांढऱ्या अळंबीचं नाव लोकांच्या तोंडी असतं, हुआयशानचं नसतं, हे मला अजूनही खटकतं.

सिंगापूरला शरद ऋतू नाही. चिनी आहारशास्त्रात कोरडेपणा हा शरदाचा दोष, आणि फुप्फुस हे शरदाचं इंद्रिय. उत्तरेकडे पानं पिवळी पडली की पेअर वाफवायला घेतात. विषुववृत्तावर वर्षभर दमट उकाडा, मग इथे कोरडेपणा येतो कुठून? सीफूंचं उत्तर होतं, एअर कंडिशनर आणि धूर. सुमात्रा आणि कालिमांतानमधली पीटची जमीन पेटली की वाऱ्यासोबत धूर सिंगापूरवर उतरतो. 21 जून 2013 रोजी तिथला प्रदूषण निर्देशांक 401 वर गेला होता, तोवरचा उच्चांक. 2015 मध्ये धूर त्याहून लांबला. 25 सप्टेंबरला तर देशभरातल्या प्राथमिक आणि माध्यमिक शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

त्या आठवड्यांत निवासाच्या खिडक्या बंद होत्या, हवा शुद्ध करणारी यंत्रं दिवसरात्र चालू होती, आणि भेटायला येणारं प्रत्येक कुटुंब हातात थर्मास घेऊन येत होतं. पेअर आणि खडीसाखर. पांढरी अळंबी. वॉटरक्रेस ही पाणथळ पालेभाजी आणि डुकराच्या बरगड्या यांचं सूप. सगळं छातीला ओलावा देणारं, सगळं प्रेमानं केलेलं, आणि बहुतेक सगळं थंड गुणाचं. चारेक दिवसांत नर्सच्या नोंदवहीत पातळ शौचाच्या नोंदी वाढल्या, जेवणाची ताटं अर्धी परत येऊ लागली. सीफू शांतपणे म्हणाले, "छाती भिजवताना पोट बुडवलं."

मग त्यांनी जे केलं तो माझ्यासाठी या शास्त्राचा सगळ्यात मोठा धडा होता. पेअर बंद केलं नाही, कच्चं देणं बंद केलं. फळाचं डोकं झाकणासारखं कापून, गाभा कोरून, आत आल्याची एक पातळ चकती आणि छेन्फीचा तुकडा ठेवून ते तासभर वाफवायचे. छेन्फी म्हणजे वाळवून मुरवलेली मँडरिन संत्र्याची साल. ग्वांगडाँगमधल्या शिनहुईची साल नावाजलेली, आणि किमान तीन वर्षं मुरल्याशिवाय तिला छेन्फी म्हणतच नाहीत. भिजवून आतला पांढरा भाग चमच्यानं खरवडला की कडवटपणा जातो आणि राहतो तो उबदार, किंचित औषधी वास. तिचं काम पोटातला वायू हलवायचं आणि कफ सोडवायचं. थंड पेअरला आलं आणि छेन्फी सांभाळून घेतात. सकाळच्या कांजीत हुआयशान आणि दोन वाळवलेली लाल चिनी बोरं. दुपारी, पोट जागं असताना, अळंबीची लहान वाटी. रात्री यातलं काही नाही. आठवड्याभरात नोंदवही ताळ्यावर आली. धूर मात्र त्यानंतरही बरेच दिवस होता.

कुटुंबांना "आणू नका" असं आम्ही सांगितलं नाही. थर्मास घेऊन येणारी मुलगी दुसरं काय करू शकत होती? आम्ही फक्त सांगितलं, आल्याची एक चकती टाका, गरम आणा, आणि अर्धी वाटी द्या.

पांढऱ्या अळंबीबद्दल इथे थोडं थांबते, कारण ती आता पुण्या-मुंबईतही मिळू लागली आहे. घेताना दुधासारखी पांढरीशुभ्र घेऊ नका. ती बहुधा गंधकाच्या धुरीनं उजळवलेली असते. पिवळसर झाक हवी, आणि नाकाला झोंबणारा वास नको. तास-दीड तास भिजते. रात्रभर बाहेर भिजत ठेवायची नाही. तसं केलं तर तिच्यात एक विषारी जिवाणू वाढू शकतो, आणि त्याचं विष उकळूनही जात नाही. चीनमध्ये अशानं माणसं दगावली आहेत. भिजल्यावर खालचा पिवळा कडक देठ कापून टाकायचा, बारीक तुकडे करायचे आणि पाणी दाट होईपर्यंत, म्हणजे चांगले दोन तास, मंद शिजवायचे. कुरकुरीत राहिली तर ती भाजी, चिकटसर झाली तर ती छातीसाठी. आमच्याकडे मलय आणि तमिळ आजी-आजोबाही होते. मांसाचं सूप सगळ्यांना चालत नसे. हे गोड सूप मात्र सगळ्यांच्या टेबलावर जायचं. मधुमेह असलेल्यांसाठी सीफू खडीसाखरेऐवजी ल्वो हान ग्वो टाकायचे. ग्वांगशी भागातलं हे वाळवलेलं फळ साखरेशिवाय गोड लागतं.

निवासात एक निवृत्त टॅक्सीचालक होते. आयुष्यभर सिगारेट ओढलेली, फुप्फुसं निकामी होत आलेली, श्वास शीळ घालत चाले. त्यांची खरी तक्रार श्वासाची नव्हती, बद्धकोष्ठाची होती. कुंथलं की दम लागायचा, दम लागला की भीती वाटायची, आणि भीतीनं ते जेवायचंच टाळायचे. चिनी वैद्यकात फुप्फुस आणि मोठं आतडं ही जोडी आहे. वरचा वायू खाली उतरला नाही तर खालचं दार उघडत नाही, आणि खालचं दार बंद राहिलं तर वर छाती भरते. सीफूंनी त्यांच्यासाठी गोड जर्दाळूच्या बियांची तांदळासोबत वाटून खीर केली, काळे तीळ घातले, आणि दुपारच्या जेवणात मुळ्याचं सूप सुरू केलं. या बियांना खोकला शमवणाऱ्या आणि आतड्याला वंगण देणाऱ्या मानतात, दोन्ही कामं एकीलाच. पारंपरिक कृतीत गोड बियांसोबत थोड्या कडूही असतात. त्या कडू बियांतून सायनाइड तयार होतं, म्हणून वयस्कांसाठी मला त्या अजिबात नको होत्या. सीफूंनी वाद घातला नाही. कडू बियांची बरणी त्याच दिवशी वरच्या फळीवर गेली. टॅक्सीचालक काकांचा इन्हेलर चालूच होता, डॉक्टरांची औषधंही. पण पोट साफ व्हायला लागल्यावर ते जेवायला लागले, आणि सीफूंना येताजाता रस्ते कसे बदलले ते सांगायला लागले.

फुप्फुस आणि अन्न यांचं सगळ्यात थेट नातं मला शिकवलं ते मात्र आमच्या गिळण्याच्या तज्ज्ञ असलेल्या वाचोपचारतज्ज्ञ बाईंनी. वयानं गिळण्याचे स्नायू सैल पडले की पातळ पदार्थ अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो, आणि त्यातून न्यूमोनिया होतो. वृद्धनिवासात छातीला सर्वांत मोठा धोका थंड पेअरचा नसतो, तो चुकीच्या पातळपणाचा असतो. पदार्थांची घनता मोजायला आता 0 ते 7 अशा आठ आंतरराष्ट्रीय पातळ्या आहेत. पेयांची तपासणी साधी आहे. 10 मिलिलिटरची सिरिंज भरायची, बोट काढायचं, आणि 10 सेकंदांत किती उरलं ते पाहायचं. बाईंनी एक दिवस सीफूंचं अळंबीचं सूप गाळून सिरिंजमध्ये भरलं. सीफू हात पुसत शेजारी उभे. पाच मिलिलिटर उरलं, म्हणजे पातळी दोन. पावडर न घालता, नुसत्या शिजण्यानं आलेला दाटपणा. दुसऱ्या दिवशीच्या भांड्यातलं सूप एकवर घसरलं, कारण अळंबीचा लॉट वेगळा होता. तेव्हापासून प्रत्येक भांडं मोजलं जाऊ लागलं. ज्यांना धोका जास्त त्यांच्यासाठी अळंबी वाटून, गाळून, मोजलेली पावडर घालूनच जाई. सीफूंनी ती सिरिंज आपल्या कलथ्यांच्या रांगेत अडकवली आणि वापरायला शिकून घेतली. त्यांच्याबद्दल मला वाटणारा आदर त्या दिवशी दुप्पट झाला.

या अन्नानं दमा बरा होतो, क्षय जातो, फुप्फुसं नवी होतात, असं मी कधी म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही. आमच्या स्वयंपाकघरात जे अन्न आहे तेवढंच यायचं. नाडी बघून द्यायची औषधं नोंदणीकृत चिनी वैद्यांकडे. सिंगापुरात त्यांच्यासाठी 2000 साली कायदा झाला आहे, आणि ती हद्द आम्ही पाळत असू. चीननंही 2002 मध्ये अन्न आणि औषध दोन्ही म्हणून वापरता येणाऱ्या 87 वस्तूंची यादी जाहीर केली. छेन्फी, कमळबी, मखाणा, हुआयशान त्यात आहेत. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असलेल्या आजींच्या सूपमध्ये कुणी दांगग्वेचं मूळ टाकलेलं कळलं, की मी स्वतः जाऊन ते बाजूला काढायचे. घरच्यांना वाईट वाटलं तरी.

हल्ली महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीतून किंवा पुण्याहून फोन येतात. बाबांचा खोकला महिनाभर जात नाही, ते चिनी पेअरचं काहीतरी सांगा. महिनाभराचा खोकला असेल तर मी आधी डॉक्टरांकडे पाठवते, छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी झाली का विचारते. ते झालं असेल तर मग विचारते, जेवण जातंय का, पोट साफ होतंय का. जात नाही, असं उत्तर आलं तर पेअर बाजूलाच राहतं. हुआयशान मिळत नाही म्हणून मी कोनफळ सांगते. दोन्ही एकाच कुळातले कंद आहेत, आणि उपासाला आपण कोनफळ खातोच. मूठभर तांदूळ, दहापट पाणी, कोनफळाच्या पातळ फोडी, आल्याची एक चकती, चवीपुरतं मीठ, आणि दाणा पूर्ण विरघळेपर्यंत मंद आच. आठवडाभर सकाळी गरम द्यायचं, जेवण सुधारलं की मग पेअरची कृती विचारायला पुन्हा फोन करायचा. कोनफळ सोलताना हातांना तेल लावून घ्यायचं, नाहीतर खाज सुटते.